तंबोरा करणाऱ्याचा मणका

काढून टाकलेली वस्तू त्याच जागी पुन्हा कशी येते?

हा प्रश्न शिरीनला कित्येक आठवडे छळत होता. दुधाचा दात पडला की तिथं नवा येतो, नख कापलं की वाढतं, इथपर्यंत तिला पटत होतं. पण अब्बांच्या पाठीतली चकती म्हणजे काही नख नव्हे. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं तेव्हा अब्बांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती पुढे काढून सांगितलं होतं, "काढून टाकली बघा चकती. भानगड मिटली!" आणि आता तीच भानगड, त्याच कमरेत, त्याच बाजूला परत हजर झाली होती.

शिरीनचे अब्बा, बशीरभाई, मिरजेत तंबोरे बनवायचे. मिरजेच्या रस्त्यांवर तोवर बिनचालकाच्या रिक्षा धावू लागल्या होत्या आणि भाजीवालीच्या डोक्यावरची छत्री ऊन चढलं की आपोआप मोठी व्हायची. तंबोराही यंत्रावर तयार होऊ लागला होता. गवई मंडळी तो हौसेनं घेत, चार महिने वाजवत आणि मग गुपचूप मिरजेची वाट धरत. कारण भोपळा कुठं किती घासायचा हे अजून अब्बांच्या बोटांनाच कळत होतं. अब्बा जमिनीवर बसत, भोपळा दोन्ही पावलांत घट्ट धरत आणि कमरेतून वाकून तासन्‌तास काम करत. त्यांच्या वडिलांनीही तसंच केलं होतं. त्यांचीही कमर दुखायची, पण तेव्हा त्याला म्हातारपण म्हणायचे.

पहिल्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, काही महिने वाकायचं नाही आणि काही उचलायचं नाही. अब्बांनी ते अगदी मनापासून पाळलं. पाण्याची कळशी उचलली नाही, पिठाचा डबासुद्धा सरकवला नाही. पण मधेच पुण्याच्या एका गायिकाबाईंचा तंबोरा तयार झाला. अब्बांच्या घराची रीत अशी, की वाद्य घर सोडतं तेव्हा ते करणाऱ्यानंच दोन्ही हातांनी उचलून उंबऱ्याबाहेर न्यायचं आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. अब्बा वाकले, पेटीसकट तंबोरा जमिनीवरून उचलला, दाराकडे वळले आणि तिथंच थिजले.

"उचलू नका म्हटलं होतं ना तुम्हाला!" अम्मी ओरडली.

"मी कुठं उचललं?" भिंतीला धरून कण्हत अब्बा म्हणाले. "मी तर निरोप दिला त्याला."

अम्मीनं त्यांना धरून खाटेवर आडवं केलं.

मग औषधं झाली, विश्रांती झाली, व्यायाम झाले. पाठीत एक इंजेक्शनही झालं. कमरेपासून पोटरीपर्यंत धावणारी कळ थोडी कमी झाली. पण एक नवीनच गंमत सुरू झाली आणि ती मुळीच गंमत नव्हती. चालता चालता अब्बांच्या उजव्या पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि अब्बांना पत्ताच नसायचा. शिरीन चप्पल उचलून त्यांच्या मागे धावायची. पहिल्यांदा सगळे हसले. नंतर कुणी हसेना, कारण त्याच पावलात भोपळा धरायचा असतो. पाऊल गेलं तर काम गेलं, आणि काम गेलेले अब्बा कसे दिसतील हे शिरीनला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

म्हणून तिघंही पुन्हा डॉ. मगदूम बाईंकडे आली. पहिलं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं.

दारात टेकू उभा होता. टेकू म्हणजे रुग्णालयाचा यंत्रमानव, शिरीनच्या खांद्याएवढा, ऑपरेशन झालेल्या माणसांना हात देऊन चालवणारा. तो कधीच चिडत नसे, आणि त्यामुळे सगळे त्याच्यावर चिडत.

"या बशीरभाई," टेकू म्हणाला. "तुम्ही परत आलात, आनंद झाला."

"मला नाही झाला," अब्बा म्हणाले.

डॉ. मगदूम यांनी अब्बांना तपासलं. पायाचा अंगठा वर करायला सांगितला आणि वरून आपल्या एका बोटानं दाबला. अब्बांनी ओठ आवळून जोर लावला, तरी अंगठा खाली गेला. शिरीननं आपला अंगठा चपलेतल्या चपलेत वर करून पाहिला. तो सहज उठला. तिला उगाचच अपराधी वाटलं.

"डॉक्टर," तिनं विचारलं, "काढून टाकलेली चकती परत कशी आली?"

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "काढून टाकली असं कुणी सांगितलं तुला?"

"अब्बांनी."

"बरोबर. सगळ्या गल्लीला त्यांनी सांगितलं, फक्त मला विचारायचं राहिलं. चल, दाखवतेच."

त्या सगळ्यांना एका गोल, अंधाऱ्या दालनात घेऊन गेल्या. टेकूनं अब्बांना टेकायला उंच खुर्ची दिली. मग दालनाच्या मधोमध हळूहळू उजेडाचा एक उंच खांब उभा राहिला. शिरीन दोन पावलं मागे सरली. तो खांब नव्हता, माणसाचा कणा होता. एकेक मणका गोदरेजच्या कपाटाएवढा!

"हा तुझ्या अब्बांचा जुळा कणा (शरीराच्या आतल्या छायाचित्रांवरून तयार केलेली उजेडाची हुबेहूब प्रतिकृती)," डॉक्टर म्हणाल्या. "नुसतं चित्र नाही हं. अब्बांच्या कण्यावर जेवढा भार पडतो तेवढाच याच्यावर पडतो. ते जसे वाकतात तसा हा वाकतो. आत ये."

शिरीन दोन मणक्यांच्या मधे जाऊन उभी राहिली. कमरेतला चौथा मणका तिच्या डोक्यावर होता आणि पाचवा पायाखाली. मधे एक जाड गादी होती.

"ही चकती," डॉक्टर म्हणाल्या. "हिच्या बाहेरच्या बाजूला चिवट कडं असतं, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक थर. आणि आत ताडगोळ्यासारखा मऊ गर. आपण चालतो, उड्या मारतो, तेव्हा हाडावर हाड आपटत नाही ते या गराच्या कृपेनं. आता वाकलेल्या माणसाची चकती बघ."

उजेडाचा कणा पुढे वाकला. गादी पुढच्या बाजूनं चेपली आणि आतला गर मागे सरकला. मागच्या कड्याला एक चीर होती. त्या चिरेतून गराचा एक गोळा बाहेर आला होता आणि शेजारून जाणाऱ्या पिवळ्या दोरीला चांगलाच रेटत होता.

"ही नस (मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत आणि स्नायूंची खबर मेंदूपर्यंत नेणारी दोरी). ही इथून निघते ती थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. दबली इथं, पण कळ उठते पायात. तिला सायटिका (कमरेतली नस दबल्यानं पायात उतरणारं दुखणं) म्हणतात."

"म्हणून चप्पल निसटते!" शिरीन ओरडली. "अंगठ्याला हुकूमच पोचत नाही!"

"शाबास! गेल्या वर्षी मी काय केलं, तर मायक्रोडिस्केक्टॉमी (सूक्ष्मदर्शकातून बघत, चकतीचा बाहेर आलेला तेवढाच तुकडा काढणं). चकती जागेवरच ठेवली, कारण ती हवी असते. पण चीर राहिली. चकतीला रक्त फार थोडं पोचतं, त्यामुळे तिची जखम सावकाश आणि जेमतेमच भरते. आत उरलेला गर कधी कधी त्याच वाटेनं पुन्हा बाहेर येतो. शंभर जणांत पाच ते पंधरा जणांना असं होतं. काहींना तर काही न उचलता, नुसतं शिंकताना होतं."

शिरीनचं कोडं सुटलं. पण खुर्चीत बसलेल्या अब्बांचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे काम अर्धवटच ठेवलं होतं की ओ तुम्ही!" ते म्हणाले. "माझ्या दुकानातला तंबोरा तक्रार घेऊन परत आला तर मला घास गिळवत नाही. आणि तुम्ही म्हणता, असं होतंच! सगळीच का नाही काढली?"

अम्मीनं त्यांचा दंड दाबला, पण डॉक्टरांना राग आला नाही. "टेकू, यांच्या जुळ्याची चकती सगळी काढ," त्या म्हणाल्या.

गादी नाहीशी झाली. वरचा मणका कुरकुरत खाली बसला. हाडावर हाड घासू लागलं आणि नस ज्या खिडकीतून बाहेर पडते ती खिडकी अरुंद झाली. शिरीन अंग चोरून तिथून बाहेर पळाली.

"चकती पूर्ण काढली तर तिच्या जागी काहीतरी बसवावंच लागतं," डॉक्टर म्हणाल्या. "ते दोन प्रकारांनी करता येतं."

पहिला प्रकार होता सांधा जोडण्याचा, म्हणजे फ्युजन (दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी पक्के धरून, मधे हाडाची भर घालून त्यांचं एकच हाड करणं). जुळ्या कण्यात पिंजऱ्यासारखा छोटा ठोकळा बसला, स्क्रू फिरले आणि दोन मणके एक झाले. आता तिथून गर बाहेर येण्याचा प्रश्नच उरला नाही. पण टेकूनं कण्याला दहा वर्षं पुढे नेलं तेव्हा शिरीनच्या लक्षात आलं, की जोडलेला सांधा हलत नसल्यानं त्याच्या वरच्या चकतीला जास्त वाकावं लागत होतं आणि ती थकलेली दिसत होती.

दुसरा प्रकार कृत्रिम चकतीचा. ती धातूची आणि मऊ प्लॅस्टिकची होती आणि झकास हलत होती. शिरीनला तीच आवडली. पण डॉक्टरांनी मणक्याच्या मागच्या बाजूचे दोन छोटे सांधे दाखवले. अब्बांच्या वाकण्यानं ते झिजले होते, आणि असे झिजलेले सांधे असले की कृत्रिम चकती मानवत नाही. शिवाय ती पोटाच्या बाजूनं जाऊन बसवावी लागते.

"मग तिसरा रस्ता?" अम्मीनं विचारलं.

"पुन्हा तेच ऑपरेशन. बाहेर आलेला तुकडा काढायचा आणि नस मोकळी करायची. मणके डळमळत असते, किंवा दोनदा-तीनदा असं होऊन गेलं असतं, तर मी सांधा जोडायचं म्हटलं असतं. यांचे मणके घट्ट आहेत, पहिलीच पुनरावृत्ती आहे आणि दुखणं मुख्यतः पायात आहे. अशा वेळी आधी छोटंच ऑपरेशन करावं. सांधा जोडायचा रस्ता पुढे उघडा राहतोच."

"नको," अब्बा म्हणाले. "एकदा फसलेलं काम तसंच पुन्हा करायचं? मी घरी जातो. ज्याला जेवढं चालता येतं तेवढं चालावं."

"आणि चप्पल कोण उचलणार?" अम्मीचा आवाज चिरकला. "जन्मभर शिरीन?"

डॉक्टर अब्बांसमोर स्टुलावर बसल्या. "बशीरभाई, पुन्हा चकती सरकलेल्या पुष्कळ जणांना मी औषध-व्यायामावरच ठेवते. नुसती कळ असती तर तुम्हालाही ठेवलं असतं. पण ताकद जायला लागली आहे. नस फार दिवस दबून राहिली तर नंतर ती मोकळी करूनही पाऊल उठेल याची खात्री मी देणार नाही. आत्ताही शंभर टक्के देत नाही. पण आत्ता आशा चांगली आहे."

अब्बा जमिनीकडे बघत बसले. शिरीनला रडू येत होतं, पण रडण्याच्या ऐवजी तिच्या तोंडून प्रश्नच बाहेर पडला. तिचं नेहमी असंच व्हायचं.

"अब्बा, जवारी पुन्हा का करावी लागते?"

डॉक्टरांना कळलं नाही. शिरीननं त्यांना समजावलं. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी. तिचा माथा कानसीनं अगदी किंचित घासून उतार द्यायचा, त्याला जवारी काढणं म्हणतात. ती जमली की तार गुंजते. पण रोज वाजवून वाजवून तारेची चरी घोडीत पडते आणि आवाज बसतो. मग गवई तंबोरा घेऊन पुन्हा येतात.

"सांगा ना अब्बा. जवारी बसली म्हणजे तुम्ही पहिल्यांदा चुकला होता?"

"चुकीन कशाला? तार रोज घासणार, तर घोडी झिजणारच."

"मग पहिल्याच वेळी घोडीच का नाही बदलत?"

"खुळी का काय तू?" अब्बा सवयीनं खेकसले. "चांगली घोडी कशाला फेकायची? जेवढं बिघडलं तेवढंच घासायचं. जास्त घासलं तर आवाजच जायचा. चार वेळा घासून पातळ झाली तर मग नवी..."

ते मधेच थांबले. त्यांनी उजेडाच्या कण्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि मग शिरीनकडे.

"कार्टी कुणावर गेलीय कळत नाही," ते अम्मीला म्हणाले. पण आवाजातला राग पार उतरला होता. मग डॉक्टरांपुढे त्यांनी हात जोडले. "मॅडम, मी तोंडाला येईल ते बोललो. माफ करा. मोकळी करा ती नस."

"करते. पण या वेळी अट आहे. काम उंच बाकावर. आणि सहा महिने वाद्याला निरोप द्यायचा नाही, कुठल्याच रीतीनं."

अब्बा ओशाळून हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी डॉक्टर त्याच दालनात जुळ्या कण्यावर सराव करत होत्या. अब्बांनी हट्टानं ते बघायला मागितलं. कारागिराला दुसऱ्याचं काम बघितल्याशिवाय चैन पडत नाही. गेल्या ऑपरेशनची जागा आता व्रणानं (जखम भरताना तयार झालेल्या चिवट, पांढऱ्या धाग्यांनी) भरली होती आणि नस त्या धाग्यांत अडकली होती. डॉक्टर सरळ तिथं गेल्या नाहीत. त्या कडेच्या निरोगी हाडापासून आत शिरल्या आणि एकेक धागा सोडवत नसेपर्यंत पोचल्या.

"असं कडेनं जायचं, हे कुठं शिकलात?" अब्बांनी विचारलं.

डॉक्टरांनी भिंतीकडे हात केला. भिंतीभर लहान लहान उजेडाचे कणे उभे होते, शेकडो. "यांच्याकडून. हे तुमच्यासारखेच आजारी. यांनी आपले जुळे शिकणाऱ्यांसाठी ठेवले. तो बघा, ट्रकचालक. दुसऱ्या ऑपरेशनला त्याच्या नसेचं आवरण थोडं फाटलं होतं, बरेच दिवस पडून राहावं लागलं. कडेनं जायचं ते त्याच्यामुळे कळलं. ती भातलावणी करणारी बाई, तिची चकती तीनदा सरकली. सांधा कधी जोडायचा हे तिनं शिकवलं."

"नावं काय यांची?"

"नावं ठेवत नाही आम्ही. फक्त काम लिहितो, म्हणजे कणा कसा वापरला गेला ते समजतं."

अब्बा बराच वेळ त्या भिंतीसमोर उभे राहिले. एका पायावर जास्त भार देऊन, टेकूचा हात धरून. नावही माहीत नसलेली ही माणसं आपल्या दुखण्यातून वाट करून गेली होती आणि त्या वाटेनं उद्या आपल्याला जायचं आहे, हे त्यांच्या मनात चाललं असावं. त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला आणि भिंतीला मान लववली. शिरीननंही तसंच केलं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकू आला. खोलीत अम्मी होती, शिरीन होती, डॉक्टर होत्या. सगळ्यांचे डोळे चादरीवर होते.

"बशीरभाई, उजवा अंगठा वर," टेकू म्हणाला.

चादरीखाली काहीच हललं नाही. शिरीननं अम्मीचा हात धरला. अब्बांनी डोळे मिटले, तंबोऱ्याची तार लावताना मिटतात तसे. आणि चादरीचं टोक हळूच वर आलं. डॉक्टरांनी चादर बाजूला केली, अंगठ्यावर बोट ठेवून दाबलं. अंगठा थरथरला, पण खाली गेला नाही.

"पूर्ण ताकद यायला महिने लागतील," डॉक्टर म्हणाल्या. पण हे वाक्य कुणी ऐकलंच नाही, कारण अम्मी रडत होती आणि शिरीन टेकूला मिठी मारून नाचत होती. टेकू म्हणाला, "माझा तोल जाईल." तो गेला नाही.

अब्बांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "कुणाकुणाचे उपकार मानू मी?" ते म्हणाले. "तुमचे, या यंत्राचे, माझ्या पोरीच्या जिभेचे. तुमचे तरी तोंडावर मानता येतात. त्या भिंतीवरच्यांचे कसे मानू? ट्रकवाला तर कुठं असेल कोण जाणे."

"ते मानायची एक पद्धत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आम्ही एक जिवंत ठिगळ तयार करतोय. रुग्णाच्याच पेशी (शरीराचे सगळ्यांत लहान जिवंत कण) वाढवून कड्याची चीर आतून बुजवायची, म्हणजे गराला परतीची वाटच राहणार नाही. अजून वेळ लागेल. त्यासाठी आम्हाला चकती पुन्हा सरकलेलेच कणे अभ्यासायला हवेत."

शिरीननं अब्बांकडे पाहिलं. तक्रार घेऊन परत आलेलं वाद्य कुणाला दिसू नये म्हणून ते फडक्याखाली झाकून ठेवणारे अब्बा ते. ते काय म्हणतील याची तिला खात्री नव्हती.

"माझा ठेवा," अब्बा म्हणाले. "दोनदा बिघडलेला आहे, शिकायला चांगला. पहिला बिघाड दाखवा, दुसराही दाखवा. मी निरोप दिला तेव्हा काय झालं तेसुद्धा दाखवा. काही झाकू नका."

टेकूनं विचारलं, "काम काय लिहू?"

"लिही, तंबोरा करणारा."

संध्याकाळी शिरीन एकटीच दालनात गेली. भिंतीवर भातलावणी करणाऱ्या बाईशेजारी एक नवा कणा उजळला होता, कमरेत किंचित डावीकडे झुकलेला. कधीतरी कुठली तरी मुलगी आपल्या वडिलांचं पाऊल उठेल का या काळजीत इथं उभी राहील, आणि तिच्या वडिलांचं पाऊल अब्बांमुळे उठेल. शिरीननं हात वर करून त्या उजेडाला स्पर्श केला. तो थोडा कोमट होता, किंवा तिला तसं वाटलं.